हातचा

मार्च संपत आला की दुकानाची काच आतून धुरकट होते.
ओल्या कोटांची वाफ, खुर्च्यांवर ताटकळलेल्यांचे श्वास.
आधी इथे बूट दुरुस्त व्हायचे;
अजून ओल धरली की भिंत सरसाचा वास सोडते.
मीही दुरुस्तीच करते म्हणा.
टाचा झिजलेली वर्षं लोक माझ्या टेबलावर आणून ओततात,
पिशवीतून, बिस्किटांच्या डब्यातून,
एकदा तर उशीच्या अभ्र्यातून.

एव्हारिश्तूच्या पावत्यांना शिंपल्यांचा वास.
बोटीवरचे रबरी बूट, हातमोजे, सुरी,
सुरीला धार लावायचा दगड : चार डॉलर.
"हापण धरायचा?"
धर रे. दगडाची वजावट मिळते.
तुझ्या पाठीच्या घसाऱ्याला मात्र रकाना नाही.

लॉन्ड्रीवाले दुआर्ते भाऊ-बहीण वेगवेगळ्या दिवशी येतात.
नफा निम्मा-निम्मा, अबोला पुरा.
त्याचा आकडा मी तिला सांगते, तिचा त्याला,
आणि मेळ बसतो; तेवढ्यापुरता.

लूर्दिशचं बाळ एकतीस डिसेंबरला जन्मलं,
बाराला सात मिनिटं कमी असताना.
सात मिनिटांची पोर, आणि अख्खं वर्ष तिच्या नावावर.
मी ते सांगितलं तेव्हा लूर्दिश इतकी हसली
की बाळ दचकून उठलं.

मग झुल्मीरा आली. पाऊस नव्हता, तरी छत्री.
फॉर्म घरूनच पेन्सिलीने भरलेला,
शाळेतल्यासारखा, रेघेबाहेर न जाता.
वैवाहिक स्थितीपुढे तिने खूण केली होती : एकटी.

मी खोडरबर घेतलं.
"असं नाही. ज्या वर्षी माणूस जातो
त्या वर्षापुरते दोघं नवरा-बायकोच."
"ग्वाल्तेर फेब्रुवारीत गेला. नऊ तारखेला."
"चालतं."
"मग मार्च? एप्रिल?"
"सगळं धरतात. डिसेंबरपर्यंत."
ती खोडलेल्या जागेकडे बघत राहिली.
"जूनमध्ये मी त्याचे शर्ट चर्चला देऊन टाकले."
आणि मी, तीस वर्षांची सवय,
विचारून बसले : "पावती आहे?"

जीभ चावली. पण तिने पर्स उघडली.
पावती होती. चौदा शर्ट, एक सूट, स्थिती : चांगली.

सही तिने सावकाश केली.
त्याची ओळ कोरी ठेवायची, आणि जवळ लिहायचं,
हयात जोडीदार म्हणून. ते लिहिण्याआधी थांबली.
"पुढच्या वर्षी?"
"पुढच्या वर्षी एकटी."
"मुदतवाढ मिळते म्हणतात."
"मिळते. पण कशाला? उलट तुलाच परत यायचेत,
दोनशे बारा डॉलर."
"कधीपर्यंत मिळते?"
"ऑक्टोबर."
"मग ऑक्टोबर," ती म्हणाली,
जणू खिडकीवर तिकीट मागत होती.

धंद्याच्या दृष्टीने हा मूर्खपणा.
असं करू नकोस, हेच सांगायचे मी पैसे घेते.
पण साओ मिगेल बेटावरच्या शाळेत
बेरीज शिकवताना सिस्टर बजावायची :
रकान्यात मावत नाही ते टाकून द्यायचं नाही.
शेजारच्या रकान्याच्या डोक्यावर
बारीक अक्षरात लिहून ठेवायचं. हातचा.
विसरलात, तर खालचं सगळं चुकेल.

मुदतवाढीच्या अर्जावर मी दोन नावं टाइप केली.
एकाखाली एक. फी लावली नाही.
फाइल खालच्या खणात, जिथे पूर्वी टाचांचे खिळे असत,
एखादा अजून बोटाला लागतो.

ती गेल्यावर पाहिलं, छत्री कोपऱ्यात राहिली होती.
हाक मारायला दारापर्यंत गेले. बंदराकडून वारा येत होता,
ती वळणावर पोचली होती, डोक्यावर काही न धरता.
परत येऊन वहीत नोंद केली :
झुल्मीरा पाशेकू, एक छत्री, काळी.
येणे बाकी.